ढोल मधोमध

नोबुए किताओचा डावा कान गेला तो एका मंगळवारी सकाळी, दात घासताना. नळ चालू होता आणि पाण्याचा आवाज फक्त उजवीकडून येत होता. तिला वाटलं, कानात पाणी गेलं असेल. तिने मान वाकडी करून एका पायावर चार उड्या मारल्या, टॉवेलचं टोक पिळून कानात फिरवलं. मग रेडिओ लावला आणि आधी उजवा कान त्याच्याजवळ नेला, मग डावा. डावा कान रेडिओच्या जाळीला अगदी टेकला होता आणि हवामानाचा अंदाज सांगणारी बाई तिथे नव्हतीच. नुसती एक बारीक शिट्टी होती, दोन घरं पलीकडे कुणाची तरी किटली उकळत असावी तशी.

तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. ओसाकाच्या तेन्मा भागातल्या एका स्टुडिओत मुख्य रेकॉर्डिस्ट होती. तिथवर पोचायला तिला अठरा वर्षं लागली होती.

डॉक्टरांनी कानात टॉर्च मारून पाहिलं, यंत्र लावून पाहिलं.

"अचानक जातो असा कधीकधी. कारण सापडत नाही," ते म्हणाले. "दहा दिवस दाखल व्हा, सलाइन लावू. तिघांपैकी एकाचा पूर्ण परत येतो, एकाचा थोडाफार येतो."

"आणि तिसऱ्याचा?"

"काम काय करता तुम्ही?"

नोबुएने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. तेवढ्यावरून तिला तिसऱ्याचं काय होतं ते कळलं. दहा दिवसांनी ती घरी आली तेव्हा ती शिट्टी तेवढी कमी झाली होती. कान आला नव्हता.

स्टुडिओत तिने सांगितलं, पोटाचं दुखणं होतं.

ती खोटं का बोलली हे समजायला तिची अठरा वर्षं थोडी सांगायला हवीत. साकाईत सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या घरातली ही मुलगी शाळा संपल्यावर स्टुडिओत लागली ती चहा करायला आणि फोन घ्यायला. तिथे ओगाता नावाचे एक म्हातारे रेकॉर्डिस्ट होते. त्यांच्या तोंडात सिगारेट आणि शिव्या दोन्ही कायम असायच्या. एकदा विनोदी जोडगोळीची टेप कापायला माणूस नव्हता. ओगाता म्हणाले, "ए चहावाली, हात दाखव. बारीक आहेत. धर ब्लेड." त्या दिवशी तिने टेपमधून एकोणीस खोकले कापून काढले आणि जोड कुठे आहे हे खुद्द ओगातांना सापडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा दुसरंच कुणीतरी करू लागलं.

दोन वर्षं ब्लेड, मग सहा वर्षं टेप मशीन. मशीनवर बसणाऱ्याचं काम काय, तर गायक चुकला की टेप नेमकी मागे न्यायची आणि नेमक्या शब्दाला रेकॉर्डचं बटण दाबायचं. अर्धा श्वास लवकर दाबलं तर आधीचं चांगलं गाणं पुसलं जातं, आणि पुसलेलं परत येत नाही. एका नवख्या गायिकेने रडत रडत गायलेली अख्खी ओळ नोबुएने अशी एकदा पुसली होती. सगळ्यांच्या देखत उभी राहून, कमरेत वाकून तिने माफी मागितली. ओगातांनी तिला तिथेच झापलं आणि दुपारी शेजारच्या दुकानात नेऊन उदोनच्या जाड शेवया खायला घातल्या.

"ऐक," ते वाफाळत्या वाडग्यावरून म्हणाले, "या धंद्यात तीन माणसं असतात. पहिला आवाज पकडतो. दुसरा पकडलेले आवाज एकमेकांत बसवतो. तिसरा ते रेकॉर्डवर कोरतो. पहिल्याने चुकीचं पकडलं तर दुसरा मरमर मरतो. दुसऱ्याने चुकीचं बसवलं तर तिसरा शिव्या घालतो. आणि तिसरा चुकला तर शिव्या गिऱ्हाईक घालतं, आणि त्या येऊन पडतात पहिल्याच्या डोक्यावर. म्हणून पहिला होणार असशील तर डोकं कडक ठेव."

ती पहिली झाली, मग दुसरीही. छोट्या स्टुडिओत दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात. माइक ती मांडायची, मग आठवडाभर मिक्सरच्या टेबलाशी बसून गायक मधोमध, व्हायोलिनं उजवीकडे, गिटार डावीकडे असं बसवायची. सुरुवातीला गिऱ्हाइकं दारातून आत येऊन विचारायची, "साहेब कुठे आहेत?" नोबुए म्हणायची, "साहेब आजारी आहेत, गेली पाच वर्षं. बसा." ओगाता निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मालकांना एवढंच सांगितलं की खुर्ची हिला द्या.

ती खुर्ची एका कानापायी जाणार होती. म्हणून पोटाचं दुखणं.

कामावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सोया सॉसच्या जाहिरातीचं गाणं तिने बसवलं. कंपनीचा माणूस ऐकायला आला, ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "छान आहे, पण गाणारी मुलगी कोपऱ्यात का उभी आहे? काही चुकलंय का तिचं?"

खोलीत सगळे हसले. नोबुएसुद्धा हसली. तिच्या शेजारी तिची मदतनीस बसली होती, कियोमि. सव्वीस वर्षांची, बोलायला फटकळ, हाताने नेमकी. कियोमिने हात पुढे केला, एक बटण जरासं फिरवलं आणि गाणारी मुलगी मधोमध आली.

त्या संध्याकाळी नोबुए तिला म्हणाली, "इथून पुढे मिक्सिंग तू करत जा. किती दिवस मशीनवर बसणार? शीक आता."

कियोमिने तिच्याकडे नको तेवढा वेळ बघितलं. "बरं," ती म्हणाली. "काही सांगायचंय का तुम्हाला, नोबुएसान?"

"हेच सांगायचं होतं."

राहिलं ते पकडण्याचं काम, आणि तिथे एक गोष्ट नोबुएच्या बाजूने होती. चांगला रेकॉर्डिस्ट माइकची जागा शोधताना एका कानात बोट घालतो. कारण माइकला एकच कान असतो. माणूस दोन कानांनी ऐकतो तेव्हा खोलीतले निम्मे दोष त्याचं डोकं परस्पर गाळून टाकतं, माइक गाळत नाही. नोबुए अठरा वर्षं बोट घालून वाद्यांभोवती फिरत आली होती. आता बोटाची गरज उरली नव्हती. ती तीन तारांच्या शामिसेनभोवती, पियानोभोवती हळूहळू फिरायची, उजवा कान पुढे करून, कधी गुडघ्यांवर बसून, कधी स्टुलावर चढून. आणि जागा सापडली की तिथेच थांबून माइकचा स्टँड मागवायची. त्या दिवसांत तिने पकडलेले आवाज पूर्वीपेक्षा चांगले होते. हे तिला स्वतःला कळत होतं, आणि त्यामुळे तिची छाती जरा जास्तच पुढे आली होती.

अशात एका रेकॉर्ड कंपनीने इवामारुंची मोठी तबकडी काढायचं ठरवलं.

इवामारु याओ गावचे. वय एकाहत्तर. दिवसा तातामीच्या चटया शिवायचे आणि उन्हाळ्यात, पितरांच्या सणाला, गावोगावच्या मैदानात लाकडी मचाणावर उभे राहून कावाची भागातली लांबलचक कथागीतं गायचे. खाली सगळं गाव फेर धरून नाचायचं. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली होती, बारा वर्षांपूर्वी, याच स्टुडिओत. त्यानंतर कुणी रेकॉर्डचं नाव काढलं की ते शिवणाचा दाभण उगारायचे.

नोबुए त्यांच्या कारखान्यात गेली तेव्हा ते गुडघ्याने चटई दाबून धरून कोपराने दोरा आवळत होते.

"त्या स्टुडिओतून आलीस?" त्यांनी वर न बघता विचारलं. "मग बस, चहा पी आणि जा."

ती बसली. त्यांच्या मुलीने, फुमिने, जवाचा गार चहा आणून दिला. फुमि पन्नाशीला टेकलेली, दंड पैलवानासारखे. वडिलांच्या मचाणावर ढोल तीच वाजवायची.

"मला काचेच्या कपाटात उभं केलं होतं," म्हातारा आपणहून सुरू झाला. "पोरगी दुसऱ्या कपाटात. शामिसेनवाली तिसऱ्या. आणि माझ्या कानांना दोन वाट्या लावल्या. म्हणे ढोल त्यातून ऐका. ढोल काय वाटीतून खायचा असतो? ढोल पोटात लागावा लागतो, तेव्हा शब्द वर येतो. ती रेकॉर्ड ऐकलीयस? मेलेला माणूस गातोय."

"ऐकलीये. मी तिथेच होते. टेप मशीनवर."

दोरा थांबला. "मग तुला तेव्हा कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"तेव्हा मी बटण दाबणारी होते. बटण दाबणाऱ्याचं मत कोण विचारतो? आता माइक मी ठेवते. कपाटं नाहीत, वाट्या नाहीत. तिघंही एका खोलीत, मचाणावर उभे राहता तसे."

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मचाणावर ढोल माझ्या उजव्या हाताला असतो."

"मग तिथेच राहील."

"आणि मी चुकलो तर मधलाच तुकडा पुन्हा गायला लावायचं नाही. मी चुकलो तर चुकलो."

"एका खोलीत गायलात तर तुकडा बदलताच येत नाही. तुमच्या माइकमध्ये ढोल शिरतो आणि ढोलाच्या माइकमध्ये तुम्ही."

"मायला, हे बरं आहे," म्हातारा म्हणाला आणि दाभण बाजूला ठेवला.

कियोमिला हे अजिबात बरं वाटलं नाही. "सगळं एकमेकांत मिसळलेलं असेल, तर मी बसवू काय?" ती म्हणाली. "ढोल कमी करायला जावं तर आजोबा कमी होणार. माझ्या हातात काय राहणार?"

"फारसं काही राहू नये असंच करायचंय मला."

"वा. मिक्सिंग शीक म्हणता आणि शिकायला ठेवत काही नाही."

"कियोमि, हे काम असंच होणार."

जूनच्या एका दुपारी बाप-लेक आणि शामिसेनवाली अशी तिघं आली. नोबुएने काचेच्या खोल्या बंद केल्या, मोठ्या खोलीतला गालिचा गुंडाळून काढला आणि इवामारुंना उघड्या लाकडी जमिनीवर उभं केलं. मग त्यांना नुसतं गायला सांगून ती पाऊण तास फिरत राहिली. तिने मुख्य दोन माइक म्हाताऱ्याच्या समोर, त्याच्या कपाळाहून जरा उंच लावले. नंतर काचेमागच्या मिक्सरच्या खोलीत जाऊन स्पीकरवर ऐकलं. ढोल तिला थोडा लांब वाटला. ती परत बाहेर आली आणि दोन्ही माइक हातभर ढोलाकडे सरकवले.

आणि मग इवामारु गायले. नदीच्या वादात भावाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका नावाड्याची कथा होती. चोवीस मिनिटं. तिसऱ्या भागात, नावाडी भावाची होडी ओळखतो तिथे, म्हातारा गाता गाता हसला. त्याने ते ठरवलं नव्हतं. फुमिचा ढोल त्या हसण्यावर एक मात्रा थांबला आणि मग असा पडला की काच थरथरली. काचेमागे कियोमिने तोंडावर हात ठेवला.

"झालं," म्हातारा शेवटी म्हणाला. "याहून चांगलं मला येत नाही."

दोन दिवसांनी कियोमि टेप घेऊन बसली. आजोबांचा माइक, शामिसेनचा माइक, समोरचे दोन. तिने पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मागे वळून विचारलं, "नोबुएसान, ढोल पार डावीकडे आहे. मीटरचा काटाही तेच दाखवतोय. असंच हवंय ना?"

नोबुएने ऐकलं. तिला ढोल ऐकू येत होता, कुठे आहे ते ऐकू येत नव्हतं. डावीकडच्या स्पीकरचा आवाज तिच्या डोक्याला वळसा घालून उजव्या कानाकडे यायचा आणि वाटेत थोडा विरायचा. त्यामुळेच त्या दिवशी तिला ढोल लांब वाटला होता. हे तिला त्या क्षणी कळलं, हे खोटं नाही. तिने तोंड उघडलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

"असंच हवंय," ती म्हणाली. "मचाणावर तो त्यांच्या उजवीकडे, म्हणजे समोरून डावीकडेच असतो."

कियोमिने आणखी दोनदा विचारलं. दोन्हीदा तेच उत्तर आलं.

टेप कोरायला मुराकोशिंकडे गेली. मुराकोशि म्हणजे ओगातांच्या भाषेतला तिसरा माणूस. शहराबाहेरच्या कारखान्यात एका थंड खोलीत, लाखेच्या काळ्या तबकडीवर तापलेल्या हिऱ्याने चर कोरायचं काम ते तीस वर्षं करत होते. ते कुणाला फोन करत नसत. म्हणून चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हाच नोबुएला कळलं, काहीतरी बिघडलंय.

"या इकडे," ते म्हणाले. "दाखवल्याशिवाय कळायचं नाही."

ती गेली. मुराकोशिंनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काळ्या तबकडीवर चर नदीसारखा वळणं घेत चालला होता. जिथे ढोल पडला होता, तिथे तो केसाएवढा बारीक होत होत जवळजवळ पुसला गेला होता.

"एवढा जड आवाज एकाच बाजूने आला की कोरणारा हिरा वर उचलला जातो," मुराकोशि म्हणाले. "लोकांच्या घरच्या सुईला इथे पाय ठेवायला जागाच नाही. प्रत्येक ठोक्याला उडी मारेल. त्यात चोवीस मिनिटं एका बाजूला. चर मोठा करायलाही जागा नाही."

"मग उपाय?"

"माझ्याकडे एक यंत्र आहे. खालचे जड सूर ओढून मधे आणतं. पण मग ढोल ढोल राहत नाही, खोका होतो. दुसरा उपाय तुमच्याकडे आहे. ढोल मधोमध ठेवा आणि पुन्हा गाऊन घ्या." त्यांनी चष्मा पुसला. "किताओसान, तुमची कामं मी दहा वर्षं कोरतोय. असलं कधी आलं नव्हतं. कानाला कळलं नाही का?"

खोलीत यंत्राची घरघर होती. नोबुए सूक्ष्मदर्शकापासून मागे सरली.

"डावा कान गेलाय," ती म्हणाली. "एप्रिलपासून. पूर्ण."

हे ती पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती. मुराकोशि हळहळले नाहीत. ते म्हणाले, "मला वरचे बारीक सूर सात-आठ वर्षं ऐकू येत नाहीत. झांज वाजली की मी काटा बघतो आणि माझ्या बायकोला बोलावतो. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडे कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"मग चूक कानाची नाही," मुराकोशि म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

परत येताना गाडीत तिने मनाशी सगळं रचून ठेवलं होतं, कुणाला आधी सांगायचं, कसं सांगायचं. दारातच कियोमि दिसली आणि रचलेलं सगळं गेलं. तिने सरळ सांगून टाकलं.

कियोमिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा लाल झाला.

"मला मे महिन्यापासून माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही फोन कुठल्या कानाला लावता ते बघते ना मी. हाक मारली की कुठल्या बाजूने वळता ते बघते. तीनदा विचारलं मी तुम्हाला ढोलाबद्दल. तीनदा! म्हटलं, आता तरी सांगतील. मला काय दगड समजलात?"

"चुकलं माझं."

"आजोबांचं ते हसू गेलं आता. ते परत येणार नाही."

"माहितीये."

"मग रागवा तरी माझ्यावर! मी काटा बघूनही गप्प बसले." असं म्हणून कियोमि रडायला लागली. नोबुएने तिला बसवलं आणि ती रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिली, तिला आपल्या उजव्या बाजूला घेऊन.

मालक हिराओका स्वभावाने मऊ माणूस. त्यांनी ऐकलं आणि अडखळत म्हणाले, "बुकिंगचं टेबल रिकामं होतंय. तिथे तुम्ही बसलात तर... म्हणजे, सन्मानाने..."

"नाही," नोबुए म्हणाली. "मिक्सिंग मी सोडलं. ते कियोमिचं, कव्हरवर नाव तिचं जाईल. बाजू कुठली हे मला कळत नाही, ते कळणारं माणूस माझ्या शेजारी लागेल. पण माइक मीच ठेवणार. तो एका कानानेच ठेवतात, साहेब. दोन कानवाले बोट घालतात. मला बुकिंगला बसवायचं असेल तर आधी माझ्यापेक्षा चांगला पकडणारा आणा, मी त्याला खुर्ची पुसून देईन."

हिराओकांनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "आणि इवामारुसान?"

"त्यांच्याकडे मी जाते."

इवामारुंकडे जाणं सगळ्यांत अवघड होतं. त्यांनी सगळं ऐकून घेईपर्यंत एक टाका घातला नाही.

"म्हणजे मी चांगला गायलो," ते म्हणाले.

"फार चांगले गायलात."

"फुमिने ढोल चांगला वाजवला."

"हो."

"आणि तू माती खाल्लीस."

"हो."

"कान गेला म्हणून?"

"नाही. कान गेला हे सांगितलं नाही म्हणून."

म्हाताऱ्याने दाभण चटईत खोचला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "फुमे! या ताईला एका कानाने ऐकू येत नाही आणि ती रेकॉर्डिंग करते!"

"मग?" फुमि आतून म्हणाली. "तुम्हाला दोन्ही कानांनी येत नाही आणि तुम्ही गाता."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पण पुढचं तो हसून बोलला नाही. "सण झाल्यावर येईन. सप्टेंबरात. आवाज फाटलेला असेल, तीस मचाणं होतात माझी. चालेल?"

"चालेल. पण ढोल तुमच्या पाठीमागे लागेल. उजव्या हाताला नाही."

"पाठीमागे? चाळीस वर्षं तो इथे आहे!" त्याने उजवा खांदा ठोकला.

"ढोल पोटात लागायला हवा म्हणालात. पाठीतूनही लागतो. एकदा उभे राहून बघा. नाही लागला तर मी टेप पुसून टाकते आणि तुमच्या दारात परत येत नाही."

सप्टेंबरात ते आले. आवाज खरंच फाटला होता, वाळू सांडावी तसा. नोबुएने फुमिला ढोलासकट त्यांच्या बरोब्बर मागे तीन पावलांवर उभं केलं आणि समोर दोन मुख्य माइक अंदाजाने लावले. कियोमिला तिने काचेमागे न बसवता आपल्या डाव्या हाताला उभं केलं.

"वाजव फुमिसान. कियोमि, कुठे आहे?"

"जरासा उजवीकडे."

"आता?"

"अजून एक वीत. हां. आता मधे."

"काटे?"

कियोमिने काचेशी जाऊन आतले काटे पाहिले. "दोन्ही सारखे."

मग नोबुए एकटी फिरली. ही जागा सांगणं कियोमिला जमणारं नव्हतं. ढोल कुठे नुसता धपधपतो आणि कुठे त्याचं कातडं बोलतं, फाटलेला आवाज कुठे केविलवाणा वाटतो आणि कुठे तोच आवाज खूप बघितलेल्या माणसाचा वाटतो, हे तिने एका कानाने शोधलं. अर्ध्या तासाने तिने हवेत बोट धरलं आणि दोन्ही माइक, मधली रेघ न सोडता, तिथे आले.

पहिला ठोका पाठीत बसला तसे इवामारु दचकले, सावरले आणि त्यांनी मान उंच केली. ते गायले. नावाड्याच्या भावाची होडी आली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचा आवाज तिथे तुटला, आणि तुटलेल्या आवाजानेच त्यांनी पुढची ओळ ओढून नेली.

जूनचं चांगलं की सप्टेंबरचं, यावर नोबुए आणि कियोमि यांचं कधीच एकमत झालं नाही. नोबुएने जूनची टेप फेकली नाही. वर्षातून एकदा ती ऐकायची आणि तिसऱ्या भागाशी यायची तेव्हा दर वेळी तिला तितकंच वाईट वाटायचं.

रेकॉर्ड निघाली. मुराकोशिंनी ती एका दमात कोरली आणि चिठ्ठीवर फक्त "चर चांगला आला" असं लिहून पाठवलं. कव्हरच्या मागे ओळीने तीन नावं होती: पकडणारीचं, बसवणारीचं, कोरणाऱ्याचं. ती फार खपली असं नाही. पण कावाचीच्या गावांत, जिथे गायक मिळत नाही अशा छोट्या मैदानांत, पुढच्या उन्हाळ्यापासून ती कर्ण्यावर लावू लागले आणि लोक तिच्यावर नाचू लागले. इवामारुंनी ती कारखान्यात उभं राहून अख्खी ऐकली आणि म्हणाले, "दुसऱ्या भागात एक शब्द खाल्लाय मी. पण माणूस जिवंत आहे."

नोबुएने त्यानंतर एकवीस वर्षं माइक ठेवले. कियोमि पुढे टोकियोला गेली, मोठी झाली, आणि अवघड आवाज असला की टेपा न मागवता नोबुएलाच बोलवून घेऊ लागली. जिथे जाईल तिथे नोबुए पहिल्याच दिवशी, बूट काढता काढता, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "माझा डावा कान चालत नाही. बोलायचं असेल तर उजवीकडे या. आणि ढोलवाले कोण? तुम्ही आधी इकडे या."